कोरडी रेती

"मोठा श्वास घ्या. अजून मोठा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एवढाच येतो," बायको म्हणाली.

बाईंनी तिच्या पाठीवर डावा पंजा सपाट ठेवला आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकायला सुरुवात केली. टक टक. थोडं बाजूला. टक टक. नवरा कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टरकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण ठोकून ऐकणं हा तर त्याचाच धंदा. एकोणीस वर्षं तो स्पीकरसाठी लोखंडी स्टँड बनवत होता आणि लोकांच्या घरी जाऊन ते रेतीने भरून देत होता. अख्खी गल्ली त्याला स्टँडवाला म्हणूनच ओळखायची. स्टँडची रिकामी नळी ठोकली की घंटेसारखी वाजत राहते. रेती भरली की गप्प होते. बाईंचं बोट खालच्या बरगड्यांवर होतं तेव्हा पाठ घुमत होती, आणि ती घुमायलाच हवी होती. वर, खांद्यांच्या खाली, दोन्हीकडे नुसतं ठप्प. बाईंनी पुन्हा ठोकून पाहिलं. पुन्हा ठप्प. बाई तोंड उघडायच्या आधीच त्याला सगळं कळलं होतं.

त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "काम काय करता? खाणीत वगैरे? दगड फोडायचं?"

"छे हो मॅडम," तो घाईघाईने म्हणाला. "आमचं गाण्याच्या मशीनचं काम. स्पीकरचे स्टँड."

"तुमचं नाही. मी यांना विचारतेय."

"मी रेती चाळते," बायको म्हणाली.

"किती वर्षं?"

"हे काम यांनी काढलं तेव्हापासून. एकोणीस झाली असतील."

"उघड्यावर चाळता ना? की घरात?"

तिने फक्त नवऱ्याकडे पाहिलं, आणि तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसला.

खरं म्हणजे ती मागच्या खोलीत चाळायची, आणि तिथली खिडकी त्यानेच बंद केली होती. स्टँडमध्ये ओली रेती गेली की दोन वर्षांत नळी आतून गंजते, आणि हौशी गिऱ्हाईक म्हणजे काय चीज असते हे ज्याला माहीत आहे तोच जाणे. ही माणसं एका स्पीकरपायी सोफा चार बोटं सरकवतात, बायकोशी आठवडाभर अबोला धरतात आणि डावीकडे काहीतरी झणझणतंय म्हणून सकाळी सातला फोन करतात. अशांना गंजलेली नळी देऊन कसं चालेल? म्हणून रेती सात पाण्यांनी धुवायची, मोठ्या तव्यावर भाजायची, बारीक चाळणीने चाळायची आणि लगेच डब्यात बंद करायची. तेवढ्या वेळात दमट हवा लागू नये म्हणून त्याने खिडकीच्या फटींत कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. चांगली खळ लावून, दर वर्षी नव्या. धाकटा मेव्हणा एकदा म्हणाला होता, "ताई, निदान तोंडाला काही बांधत जा." तेव्हा दोघं त्याला हसली होती. फडकं बांधलं की घाम येतो आणि घाम रेतीत पडतो, असं तिचंच म्हणणं होतं.

बायको आत कपडे नीट करत होती तेवढ्यात बाईंनी त्याला दाराशी गाठलं.

"धूळ आत जाऊन बसली आहे. फुप्फुस दगडासारखं झालंय वरच्या बाजूला."

"औषध?"

"खोकल्याला देते. त्या दगडाला औषध नाही."

"आजपासून चाळणं बंद केलं तर? आजच्या आज?"

"बंद करायलाच हवं. पण गेलेली धूळ आत आपलं काम करतच राहते. तुम्ही मनाची तयारी ठेवा." बाई वाईट नव्हत्या. त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

रस्त्याने दोघं सावकाश चालली. दर दहा-बारा पावलांवर ती एखादं दुकान बघितल्यासारखं करून थांबायची. कुलपांच्या दुकानासमोर ती चांगली पाच मिनिटं उभी होती.

"काय म्हणाल्या हो?"

"दमा आहे म्हणाल्या. साधा."

"थापा मारू नका. तुमचे कान लाल होतात."

मग त्याने कुलपांच्या दुकानासमोरच सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मग प्रोफेसरांच्या स्टँडच्या जोडीचं काय? शनिवारी कबूल केलंय ना त्यांना?"

याला काय म्हणावं? तो चिडला, पण भर रस्त्यात कुणावर चिडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन तवा तापवला. एकोणीस वर्षांत त्याने हे एकदाही केलं नव्हतं. लोखंड कापणं, जोडणं, नळीला भोक पाडणं, लोकांच्या घरी जाऊन शाबासकी घेणं हे त्याच्याकडे, रेती तिच्याकडे. तो उलथन्याने तव्यावरची रेती हलवू लागला तर निम्मी जमिनीवर सांडली. ती केव्हा कोरडी झाली हेही त्याला समजेना.

"मूठ भरून दाबा आणि सोडा," ती बाहेरून म्हणाली. "हाताच्या रेघांत कण राहिला तर अजून ओली आहे."

त्याने मूठ दाबली. हात भाजला, आणि कणही राहिले. वैतागून त्याने चाळणी खाली ठेवली, सुरी घेतली आणि खिडकीवरच्या पट्ट्या खरवडायला लागला. चौकट फुगून घट्ट बसली होती. दोन गुद्दे मारल्यावर ती धाडकन उघडली आणि बाहेरची गार ओलसर हवा आत आली.

"अहो! खिडकी उघडलीत की काय?" ती भिंतीला धरत दारापर्यंत आली. "रेतीला हवा लागेल ना!"

"लागू दे."

"गंजतील नळ्या!"

"गंजू देत! नळ्यांचं काय घेऊन बसलीस? गेल्या खड्ड्यात!"

"असं म्हणू नका," ती म्हणाली. तिला धाप लागली होती, तरी ती बोलायची थांबेना. "एक जोडी... एक तरी परत आली का हो आजवर? कुणी नाव ठेवलं का? आता शेवटी... शेवटी कशाला?" आणि त्याला बाजूला सारून ती तव्याला वळसा घालून गेली आणि दोन्ही हातांनी तिने खिडकी लावून घेतली. मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. तिचा श्वास वर अडकून शिट्टीसारखा वाजत होता. तो तिच्याजवळ मांडी घालून बसला. मग तिची पाठ चोळत राहिला.

बऱ्याच वेळाने तिने बोटाने कोपरा दाखवला. तिथे पत्र्याचा एक डबा होता, झाकणाला गोल चिकटपट्टी मारलेला. "मागच्या आठवड्यातली आहे," ती म्हणाली. "दोन नळ्यांना पुरेल. तीच न्या."

शनिवारी दुपारी तो प्रोफेसरांकडे गेला. प्रोफेसर निवृत्त झाले होते, एकटेच राहायचे, आणि कॉलेजात जेवढं बोलले नसतील तेवढं आता बोलायचे. स्टँडवाल्याने स्टँड जागेवर ठेवले, खालचे चार अणकुचीदार खिळे फिरवून फिरवून तळ समपातळीत आणला, वरचं भोक उघडून नरसाळं बसवलं. डबा उघडला. रेती पाण्यासारखी सरसर आत गेली. इतकी स्वच्छ, इतकी बारीक रेती या शहरात दुसऱ्या कुणाकडे मिळाली नसती. तो रबरी हातोडीने नळीला हलके ठोके देत होता, रेती खाली बसत होती. भरताना थोडी धूळ उडाली तसं त्याने तोंड बाजूला केलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा समोर आणलं.

"वहिनी कशा आहेत?" प्रोफेसरांनी विचारलं. "खोकला गेला का?"

"आहे," तो म्हणाला.

स्पीकर चढवले, तारा जोडल्या. प्रोफेसरांनी रेकॉर्ड लावली, खुर्चीत बसून डोळे मिटले आणि मिनिटभरातच ताडकन उठले.

"अहो, चमत्कार आहे हा! बसा, तुम्ही बसा इथे."

"मी? नको नको. कपडे मळलेत माझे."

"मळू द्या. इतकी वर्षं लोकांचे स्टँड भरता, कधी समोर बसून ऐकलंत का?"

नव्हतं ऐकलं. तो नेहमी नळीजवळ उकिडवा बसायचा, कान लोखंडाला लावून. झणझण थांबली की हत्यारं गोळा करून चालू लागायचा. गाण्याकडे त्याचं कधी लक्षच गेलं नव्हतं. आता तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला. प्रोफेसरांनी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.

आधी नुसती शांतता होती. मग समोर, दोन स्पीकरांच्या मधोमध, जिथे भिंतीशिवाय काही नव्हतं तिथे, एका बाईने श्वास घेतला. सावकाश, तळापर्यंत, कुठेही न अडकता. मग ती गायला लागली.

"ऐकलंत?" प्रोफेसर आनंदाने जवळजवळ ओरडले. "गायच्या आधीचा श्वास! वीस वर्षं ही रेकॉर्ड माझ्याकडे आहे, आजवर मला तो ऐकूच आला नव्हता. तुमच्या रेतीची कमाल आहे ही."

स्टँडवाल्याने मान हलवली. त्याच्या घरात असा श्वास कुणी कधी घेतला होता, हे तो आठवून पाहत होता. चार वर्षांपूर्वी? पाच? तेव्हा त्याने लक्ष दिलं नव्हतं.

"पुन्हा लावता का?" तो म्हणाला.

प्रोफेसरांनी लावली. श्वास झाला, गाणं सुरू झालं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा लावली. आपल्यासारखाच एक वेडा भेटला म्हणून प्रोफेसर खूश होते. पण पाचव्या वेळी सुईवरचा हात त्यांनी तसाच ठेवला आणि हसून म्हणाले, "अहो, आता पुढचं गाणं तरी ऐका की."

तो खुर्चीच्या कडेवर तसाच बसून होता. दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि नखांत रेती होती.

"गाणं राहू द्या, सर," तो म्हणाला. "त्याच्या आधीचंच लावा."