अस्वलाला हरवणारा पिवळा डाग

मी स्लाइम मोल्ड बोलतोय. नाव ऐकून नाक मुरडू नका. गुढियारीच्या रेल्वे मालधक्क्यावर एका ओल्या ओंडक्यावर माझा जन्म झाला. पिवळा, चिकट, तळहाताएवढा. आणि एवढा सगळा मिळून एकच पेशी! ना हात, ना पाय, ना मेंदू. रेल्वेत नोकरीला असलेल्या गौतमरावांनी मला सालीसकट उचललं आणि तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी, आठवीतल्या लेकीला, स्वरदाला, दिलं. तिने मला ओल्या कागदावर ठेवून ओट्स खाऊ घातले. मी चांगलं बाळसं धरलं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा विषय होता, 'जगण्याची हुशारी'. वर्गातल्या यशदीपने थर्माकोलचं ध्रुवीय अस्वल केलं, स्वतःपेक्षा उंच. स्वरदाने मला निवडलं.

"भालू के सामने ये पीला दाग?" यशदीप हसला.

मला राग आला. खरं अस्वल मैलभरावरून सीलचा वास घेतं, दिवसचे दिवस पोहतं, सगळं मान्य. पण डाग?

मग स्वरदा दोन दिवस दुर्गला आत्याकडे गेली आणि इकडे घात झाला. तिच्या आईने, मंदाकिनीताईंनी, मुगाच्या बड्या, म्हणजे सांडगे, घातल्या. कागदावरचा मी त्यांना सांडलेलं पीठ वाटलो. वाया कशाला घालवायचं म्हणून त्यांनी मलाही गच्चीवर, बड्यांच्या रांगेत, धोतराच्या फडक्याखाली मांडलं. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी स्वरदा परतली, तेव्हा माझा पापुद्रा झाला होता.

"मम्मी, काहून वाळवलं वो त्याले?"

"मले का माहीत, बाई! मले वाटलं बडीचं पीठ आहे." मंदाकिनीताईंचेही डोळे भरले.

पण सावकाश वाळलो की मी मरत नाही, झोपतो. स्वरदाने रडत रडतच पाणी शिंपडलं आणि मला प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या भूलभुलैयात ठेवलं. दोन्ही टोकांना ओट्स.

प्रदर्शनाचा पहिला दिवस नुसता पडून काढला. लोक अस्वलासोबत फोटो काढत होते. दुसऱ्या सकाळी मी जागा झालो! सगळ्या वाटांत शिरलो, मग लांबच्या वाटा सोडून दिल्या. दुपारी परीक्षक भार्गव सर आले, तेव्हा दोन्ही ओट्सच्या मध्ये माझी एकच पिवळी रेघ होती. सगळ्यांत जवळची.

"याचा मेंदू कुठे आहे?"

"नाहीच जी, सर. आणि परवा हा वाळून गेला होता."

सर खाली वाकले ते उठेचनात. पहिलं बक्षीस आमचं! यशदीपनेच पहिली टाळी वाजवली. मंदाकिनीताई येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत होत्या, "दूर व्हा जी, माझ्या पोट्ट्याले धक्का लागन!"

आता मी पुन्हा वाळून एका पाकिटात झोपतो. या वेळी ताईंनीच मला फडक्याखाली वाळवलं आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ही बडी नाही'.

जिंकलो, तरी एक मागणं आहे. खऱ्या अस्वलाला माझ्यासारखं वाळून थांबता येत नाही. त्याचा बर्फ तेवढा सांभाळा. माझं काय, चमचाभर पाणी शिंपडा, मी उठतोच.