मेल्यानंतरची हजेरी

कारखान्याच्या कामगार कल्याण अधिकाऱ्याने दार लोटून घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि अगदी मायेने विचारलं, "ताई, वडील त्या दिवशी पहाटे गेले ना? मग त्याच सकाळी गेटवर त्यांचं कार्ड कुणी पंच केलं?"

मुलीला उत्तर ठाऊक होतं. काचकारखान्यात भट्टीवर माणसं जोडीने काम करत, आणि जो आधी गेटवर पोचेल तो दोघांचीही कार्डं पंच करी. दुसरा मागून धावत येतोच आहे, हे गृहीत. त्या सकाळी बाबांच्या जोडीदाराने, तिच्या भट्टीवाल्या काकांनी, नेहमीसारखंच केलं होतं. बाबा घरी चादरीखाली निपचित पडलेत, हे त्यांना बिचाऱ्यांना कुठे माहीत होतं!

शेजारी आई खोकल्यासारखं हसली. "जिवंतपणी कधी वेळेवर गेले नाहीत. मेल्यावर बरे हजर झाले."

अधिकारी हसला नाही. "खोटी हजेरी म्हणजे फसवणूक, वहिनी. चौकशी होईल. तोवर तुमचं डायलिसिस कारखान्याच्या योजनेतून बंद. नाव सांगा, आत्ता मिटवतो."

आईला उद्याच मशीनवर जायचं होतं. एक खेप चुकली की तिचे पाय सुजत, दोन चुकल्या की धाप लागे. त्यापुढचं घरात कुणी बोलत नसे.

संघटनेच्या वकीलबाईंनी काल सगळं समजावलं होतं. माणूस नोकरीत असताना गेला की त्याच्या बायकोचा इलाज योजनेतून चालू राहतो, तसा कायदाच आहे. थांबवायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, म्हणजे त्यावर दाद मागता येते. बाईंच्या खोलीत ते किती सोपं वाटलं होतं.

"लिहून द्या," ती कशीबशी म्हणाली.

"काय?"

"आईचा इलाज का थांबवताय ते. सहीनिशी."

"आणि नाव?"

"मला माहीत नाही."

अधिकाऱ्याने पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. "त्याच मिनिटाला तुमच्या काकांचं कार्डही पंच झालंय. आम्हाला काय कळत नाही?"

"मग आम्हाला कशाला विचारता?" आई म्हणाली.

"साक्ष म्हणून तुमच्या तोंडून हवंय. बघा, उद्यापर्यंत विचार करा."

लिहून मात्र त्याने काही दिलं नाही.

मुलीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाईने आईचा नंबर टाकला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "तुमचं कारखान्यात विचारून घ्यायला सांगितलंय," म्हणत तिने फोन उचलला.

आई भिंतीला टेकली. मुलगी त्या बाईच्या ओठांकडे बघत राहिली.

"हो... बंद करायचं? मग तसं पत्र पाठवा ना, साहेब. पत्राशिवाय मी पेशंट परत पाठवणार नाही, उद्या माझ्या गळ्याशी येईल... नाही ना पाठवत पत्र? बरं." तिने फोन ठेवला. "जा आत. पुढच्या खेपेचं मात्र मी काही सांगू शकत नाही."

आई पदर सावरत आत गेली. मुलीला मात्र खिडकीचा कठडा सोडवेना.