फक्त आकडा वाचायचा

लोक जमीन घेऊन ठेवतात, सोनं घेऊन ठेवतात. हा गृहस्थ नावं घेऊन ठेवायचा. इंटरनेटवरचे पत्ते, डोमेन म्हणतात ते. तीही धड शब्द नव्हेत. अर्थ काही नाही, पण जिभेवर गोड लागतील अशी मुद्दाम घडवलेली नावं. उद्या एखादी कंपनी जन्माला येईल, तिला नेमकं हेच नाव हवंसं वाटेल आणि ते नेमकं आपल्याकडे असेल, असा सगळा मामला. गल्लीत त्याला ‘नाववाले’ म्हणत. मेव्हणा तर तोंडावर म्हणायचा, “भाऊजी, कशात काय अन् फाटक्यात पाय!”

पण नाववाले वेडे नव्हते. विम्याच्या कचेरीतली नोकरी सांभाळून त्यांनी या धंद्यात जम बसवला होता, आणि तो बसला दोन नियमांवर. बायकोने शिवून दिलेल्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ते लिहून ठेवले होते. पहिला, घडवलेलं नाव दहा वर्षं सोडायचं नाही. लोकांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द असेल तर गिऱ्हाईक लवकर मिळतं. घडवलेल्या नावाचं गिऱ्हाईक अजून शाळेत असतं. ते मोठं व्हायला वेळ लागतो. तोवर दर वर्षी नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि गप्प बसायचं.

दुसरा नियम विचारणांबद्दल होता. नाव विकत मागणारी विचारणा आली की फक्त आकडा वाचायचा, बाकीचं पत्र नाही. उत्तर एकवीस दिवसांनी द्यायचं, म्हणजे आपल्याला घाई नाही हे समोरच्याला कळतं. हा नियम त्यांना अनुभवाने शिकवला होता. अगदी सुरुवातीला एकाने आजारी आईबद्दल दोन पानं लिहिली, नाववाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी नाव कवडीमोलाने देऊन टाकलं. पंधरा दिवसांत त्या मातृभक्ताने तेच नाव दसपटीला विकलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नाववाल्यांनी ताक पिणंच सोडलं. पडद्यावर फक्त पत्ता आणि आकडा दिसेल, बाकी मजकूर दुमडलेला राहील, अशी सोय त्यांनी करून घेतली. आकडा कमी असला की एकविसाव्या दिवशी एक बटण दाबायचं. उत्तर आपोआप जायचं: ‘आपल्या स्वारस्याबद्दल आभार. सदर नाव दीर्घकालीन गुंतवणूक म्हणून राखून ठेवले आहे.’

त्यांच्याकडच्या दोनशेएक नावांत सगळ्यात देखणं नाव होतं ‘तुलोरी’. ते मात्र त्यांनी घडवलेलं नव्हतं. ते बायकोचं.

ती छापखान्यात बांधणी खात्यात होती. चोवीस वर्षं तिने पुस्तकं शिवली. मग मालकाने पानांना डिंक लावून पुस्तक चिकटवणारं यंत्र आणलं आणि शिवणाऱ्या बायकांना हार घालून घरी पाठवलं. ती रडत बसली नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल टाकलं आणि घरीच वह्या शिवू लागली. जुजबंदी, म्हणजे आठ-आठ पानांच्या घड्या घालून प्रत्येक घडी शेजारच्या घडीशी दोऱ्याने ओवायची. वही कुठेही उघडा, सपाट पडते, पान सुटत नाही. एका दुपारी ती दोऱ्याला मेण लावत होती आणि नाववाले समोर बसून मटार सोलत होते. दोरा ओढता ओढता ती सहज म्हणाली, “तुलोरी.”

“काय?”

“काही नाही. आलं तोंडात. माझ्या वह्यांना छान दिसेल, नाही?”

नाववाले मटार टाकून आत पळाले. नाव मोकळं होतं. पाच मिनिटांत त्यांनी ते नोंदवलं आणि नाचत बाहेर आले. “अगं, हिरा आहे हिरा! दहा वर्षं धरू. बघ तू.”

“पण मला हवंय ना ते. वह्यांवर.”

ते हसले. वाईट हसू नव्हतं ते, लाडाचंच होतं. “बियाणं कुणी दळून खातं का? एकदा ते तुझ्या चार वह्यांवर छापलं की जुनं झालं. दुसरं कुठलंही घे. दीडशे पडलीत.”

तिने दुसरं घेतलं नाही. वह्या बिननावाच्याच जात राहिल्या.

याला दहा वर्षं झाली. बरोबर दहा वर्षं आणि अकरा दिवस झाले असताना, सुट्टीच्या दिवशी दुपारी, दलाल बाईंचा फोन आला. मोठ्या व्यवहारात दोन्ही बाजूंनी बोलणारी ही तरतरीत मुलगी नाववाल्यांना ‘काका’ म्हणे.

“काका, बसलाय ना? खुर्ची धरा घट्ट. तुलोरीला गिऱ्हाईक आलंय. गाद्या बनवणारी कंपनी आहे. आकडा पाठवलाय बघा.”

नाववाल्यांनी बघितला. मग चष्मा पुसून पुन्हा बघितला. निवृत्तीपर्यंत राहिलेल्या पगारांची बेरीज केली असती तरी त्याच्या जवळपास गेली नसती.

“अजून वर चढवू,” ती म्हणाली. “फक्त या नावाला आधी किती जणांनी मागणी घातली ते दाखवा. जुन्या विचारणा सगळ्या काढा, मजकुरासकट. पाच वाजेपर्यंत हवं.”

मजकुरासकट! नाववाल्यांनी जन्मात केलं नव्हतं ते काम. त्यांनी जुन्या विचारणा उघडल्या. तुलोरीला चार आल्या होत्या. पहिली एका केस कापणाऱ्याची, दुसरी कुणा विद्यार्थ्याची. तिसरी सहा वर्षांपूर्वीची, अनोळखी पत्त्यावरून आलेली. आकडा हास्यास्पद. त्यांनी दुमडलेला मजकूर उलगडला.

‘स.न.वि.वि. मी वह्या शिवते. घरीच, खिडकीपाशी. एका मोठ्या दुकानदाराने दर वर्षी पाचशे वह्या मागितल्या आहेत, पण तो म्हणतो, मुखपृष्ठावर नाव पाहिजे. तुलोरी हे नाव मला दोऱ्याला मेण लावताना सुचलं. तेव्हा माझा नवरा समोर मटार सोलत होता. तोंडाने मागितलं की तो हसतो, म्हणून रीतसर मागते आहे. सोबतचा आकडा कमी आहे हे मला ठाऊक आहे, पण ती माझी स्वतःची शिल्लक आहे, सगळी. घासाघीस करायची झाली तर रात्रीची भांडी महिनाभर मी एकटी घासेन. माझी बोटं सकाळी थोडी आखडतात हल्ली. डॉक्टर म्हणतात, वाढेल. म्हणून वाटतं, हात चालतायत तोवर आपल्या नावाची एक तरी वही...’

अक्षरं हलायला लागली. नाववाले पुढे वाचू शकले नाहीत. त्यांनी खाली घसरून आपलंच उत्तर पाहिलं. बरोबर एकविसाव्या दिवशी गेलेलं. ‘आपल्या स्वारस्याबद्दल आभार.’

आणि मग ते एकवीस दिवस त्यांना आठवले. त्या दिवसांत ती रोज दुपारी चहाचा कप घेऊन आत यायची, टेबलावर ठेवायची, आणि उगाच थोडा वेळ दारात उभी राहायची. एकदा त्यांनी विचारलंही होतं, “काही हवंय का?” ती म्हणाली होती, “नाही. तुमचं चालू द्या.” बाविसाव्या दिवशी जेवताना तिने विचारलं होतं, “आलं का काही तुलोरीसाठी?” आणि नाववाले, ज्यांना आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती, मजेत म्हणाले होते, “आला होता एक भिकारडा. दिला हाकलून.”

तिने त्यांना वाढलं होतं. भात संपेपर्यंत वाढलं होतं.

ते उठून बाहेरच्या खोलीत आले. ती खिडकीपाशी बसली होती, दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवून. दुपारची हीच वेळ होती त्याची. बोटं आता आल्याच्या तुकड्यांसारखी वेडीवाकडी झाली होती. सुई धरून दोन वर्षं होऊन गेली होती. टेबलावर दोऱ्याचं रीळ आणि मेणाचा गोळा मात्र अजून तसाच ठेवलेला. मेणावर दोऱ्याच्या जुन्या चिरा होत्या.

“ते पत्र,” नाववाले म्हणाले. “तुलोरीचं. तू लिहिलं होतंस.”

ती पाण्याकडेच बघत राहिली. “हो. आज कुठून आठवलं?”

“मी वाचलं नव्हतं गं.”

आता तिने वर पाहिलं.

“आत्ता वाचलं. आज. पहिल्यांदा. मी आकडा तेवढा वाचतो... नियम आहे माझा. पत्र मी कधी...”

तिने हात पाण्यात आणखी खोल बुडवले. मग म्हणाली, “म्हणजे तो भिकारडा...”

“मला काय ठाऊक तू आहेस म्हणून!”

“मला वाटलं, तोंडावर नाही म्हणायला तुम्हाला जड गेलं, म्हणून आडून सांगितलंत.” तिचा आवाज शांत होता, आणि तो शांत होता हेच नाववाल्यांना सोसवेना. “वाईट वाटलं. पण म्हटलं, वाचलं, विचार केला, एकवीस दिवस केला, आणि नाही म्हणाले. असतं एखाद्याचं. ते मी गिळलं. सहा वर्षं झाली, पचलंसुद्धा. आता म्हणता वाचलंच नव्हतं. हे कसं गिळू?”

नाववाले मटकन खाली बसले, तिच्या पायांपाशी, फरशीवर. पन्नाशी उलटलेला माणूस रडताना लहान दिसत नाही, नुसता केविलवाणा दिसतो. “घे ते नाव,” ते म्हणाले. “तुझंच आहे. आत्ता करतो तुझ्या नावावर. दलालीणबाईला सांगतो, विकायचं नाही. गाद्यावाले गेले खड्ड्यात.”

“आणि करू काय त्याचं?” तिने हात पाण्यातून वर काढले. बोटांवरून पाणी ठिबकत होतं. “यांनी शिवू?”

“आपण माणूस ठेवू शिवायला. तू सांगायचं...”

“अहो, मला मालकीण व्हायचं नव्हतं. मला शिवायच्या होत्या.” तिने आपणच कोपराने टॉवेल जवळ ओढला. “विका. चांगलं नाव आहे, लोकांच्या तोंडी जाऊ दे. धरून ठेवून काय झालं ते बघितलंत ना.”

आत फोन वाजत होता. थांबला, पुन्हा वाजू लागला. पाच वाजत आले होते. ती म्हणाली, “जा, ती पोरगी खोळंबली असेल.”

ते गेले. त्यांनी चारपैकी तीनच विचारणा पाठवल्या. तिसरी नाही पाठवली. दलाल बाई म्हणाली, “काका, नियम म्हणजे नियम! दहा वर्षं म्हणालात, दहा वर्षं भरताच बार उडवलात!” नाववाले हो म्हणाले. व्यवहाराला संमतीचं बटण दाबलं. धंद्यात उतरल्यापासून ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला आणि गेला, आणि त्यांना काहीही वाटलं नाही.

मग ते पुन्हा बाहेर आले. ती बोटं एकेक करून पुसायचा प्रयत्न करत होती. त्यांनी टॉवेल घेतला आणि पुसायला बसले. करंगळीपासून सुरुवात केली.

“पत्र पूर्ण वाचलंत?” तिने विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. “शेवटचं राहिलं. दिसेना मला.”

“तुमची खोडच ती.” ती किंचित हसली, मग तिने तोंड खिडकीकडे वळवलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्यासमोर रडत होती. “शेवटीच तर लिहिलं होतं.”

“काय?”

तिला पाठ होतं. खिडकीबाहेर बघत तिने ते म्हटलं.

“उत्तर लिहून पाठवू नका. मी बाहेरच्याच खोलीत बसले आहे.”