दहा खऱ्या सह्या

भिंगरीची नडगी मोडली त्याला अकरा महिने झाले होते, आणि या अकरा महिन्यांत भेटलेल्या प्रत्येकाने तिला एकच गोष्ट सांगितली होती, घाई करू नकोस. डॉक्टरांनी सांगितलं, शेजारणीने सांगितलं, केस कापणाऱ्या बाईनेसुद्धा सांगितलं. भिंगरी सगळ्यांना हो म्हणायची आणि घरी येऊन एका पायावर दोनशे उठाबशा काढायची. आपण घाई करत नाही, अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

मोडली कशी ते सगळ्या शहराने टीव्हीवर पाहिलं होतं. भिंगरी फुटबॉल संघात उजव्या कडेने खेळायची. चेंडू पायात आला की जागच्या जागी अशी काही वळायची की समोरची खेळाडू भलत्याच दिशेला धावत सुटायची. तिचं नाव पडलं ते त्यावरूनच. त्या दिवशीही ती तशीच वळली, आणि पलीकडच्या संघातली एक जण मागून दोन्ही पाय हवेत उचलून, बुटांचे खिळे पुढे धरून तिच्यावर आली. चेंडू तर केव्हाच पुढे गेला होता. नडगीची दोन्ही हाडं गेली. त्या बाईला लाल कार्ड आणि चार सामन्यांची बंदी मिळाली, भिंगरीच्या पायात सळई बसली. चार सामने म्हणजे एक महिना. हा हिशोब मांडायला बसलं की डोकं तापतं, म्हणून भिंगरीने तो मांडणं सोडून दिलं होतं.

आता हाड जुळलं होतं, स्नायू भरले होते, मशीनवरचे आकडे पूर्वीपेक्षा चांगले येत होते. राहिली होती ती फिजिओ मॅडमची शेवटची पायरी. मॅडमनी पूर्वी कधीतरी एका मुलीला नुसत्या आकड्यांवर मैदानात सोडलं होतं, आणि ती मुलगी पहिल्याच धडकेत पुन्हा स्ट्रेचरवर बाहेर आली होती. तेव्हापासून क्लबात एक कागद निघाला. सरावात दहा टॅकल खायचे, म्हणजे चेंडू हिसकायला समोरचीने घसरत येऊन पाय घालायचा, तोही पुऱ्या जोराने, आणि प्रत्येकाची सही करायची ती टॅकल करणारीने. मॅडमनी नाही, प्रशिक्षकांनीही नाही. कडेला उभ्या असलेल्या माणसाला काय दिसणार, समोरची किती जोराने आली हे तिचं तिलाच ठाऊक, असं मॅडमचं म्हणणं होतं. सही म्हणजे शब्द.

भिंगरीच्या कागदावर आठ दिवसांत आठ सह्या झाल्या. त्यातल्या तीन भिंतीच्या होत्या. भिंत म्हणजे संघाची मधली बचावपटू, धिप्पाड आणि कमी बोलणारी. चार वर्षं बाहेरगावच्या सामन्यांना या दोघींची खोली एकच असायची, आणि भिंत घोरते ही गोष्ट जगात फक्त भिंगरीला माहीत होती. आठव्या सहीनंतर, उरलेल्या दोन तोवर होतीलच या हिशोबाने, शनिवारच्या सामन्याच्या यादीत भिंगरीचं नाव लागलं. ती त्या दिवशी घरी आली ती शीळ घालतच.

आई जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत बसली होती. आई शाळेत गणित शिकवायची, आणि लेकीच्या खेळावर तिचं मत सरळ होतं. खेळू नये. ते ती रोज बोलून दाखवत नसे एवढंच. भिंगरी समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बसली तेव्हा आईने चष्म्यावरून पाहिलं आणि समाधानाने म्हणाली की, पाय किती छान दिसायला लागलेत हल्ली, पूर्वी कसे निळे-हिरवे असायचे, पाहवत नसत. भिंगरी हसली. मग तिचं हसू जागीच थांबलं.

तिने पाय वाकवून नीट पाहिले. डावा पाहिला, उजवा पाहिला. ऑपरेशनची जुनी खूण सोडली तर दोन्ही नडग्यांवर एक डाग नव्हता. आठ टॅकल, पुऱ्या जोराचे, आणि पाय लग्नाला निघालेल्या नवरीसारखे. तिने पिशवीतून मोज्यातले पॅड काढले. ते आठ दिवसांपूर्वी आणले होते आणि त्यांच्यावर दुकानातली चकाकी अजून तशीच होती. मग तिला एकेक टॅकल आठवायला लागला. प्रत्येक वेळी समोरची आली, पडली, आणि आपण उभ्याच राहिलो. आपण किती चपळ झालो, असं वाटलं होतं तिला. तिची तिलाच लाज वाटली.

तिने गोलकीपरला फोन लावला, कारण त्या मुलीच्या तोंडात तीळ भिजत नसे. दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं. पहिल्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. हात-दीड हात अलीकडेच घसरायचं, झोकात पडायचं, आणि सही करून मोकळं व्हायचं. भिंगरीला कुणी शिवायचं नाही. आणि हे सुचवलं होतं भिंतीने.

“तू आम्हाला परत हवी होतीस गं,” गोलकीपर रडवेल्या आवाजात म्हणाली.

भिंगरीने फोन ठेवला. आईने सगळं ऐकलं होतं. तिचं लाल पेन एका अर्धवट खुणेवर थांबलं होतं. मुली शहाण्या आहेत, त्यांच्यामुळेच तुझा पाय शाबूत आहे, हे वाक्य तिच्या ओठांवर आलेलं भिंगरीला स्पष्ट दिसलं. पण जन्मभर कॉपी पकडण्यात घालवलेल्या बाईच्या तोंडून ते काही निघेना.

“तू खेळूच नयेस असं मला वाटतं, ते तुला माहीत आहे,” आई शेवटी म्हणाली. “पण खेळायचंच असेल तर फुकटचे मार्क घेऊन जाऊ नकोस.”

सकाळी भिंगरी मॅडमच्या खोलीत गेली, तो कागद टेबलावर ठेवला आणि नवा कोरा मागितला. का मागतेय तेही सांगितलं. सांगताना कुणाचं नाव घेतलं नाही, पण कागदावर नावं होतीच. मॅडमनी आठही सह्या बोट फिरवत वाचल्या. त्यांचा चेहरा पडला. हे मला कळलंय म्हटल्यावर शनिवारी तुला उतरवता येणार नाही, हे तुला समजतंय ना, असं त्यांनी विचारलं. भिंगरी म्हणाली, समजतंय. प्रशिक्षकांना मात्र ते समजेना. यादी छापायला गेली होती, पेपरवाल्यांना सांगून झालं होतं, आणि पोरगी ठणठणीत असताना स्वतःहून नाव काढा म्हणते म्हणजे डोकं फिरलंय, असं म्हणून ते पाय आपटत निघून गेले.

संघातल्या मुलींची तोंडं फुगली. डावीकडची बचावपटू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की, दुसरी कुणी असती तर तिने आमचे पाय धरले असते, ही आमच्यावरच डोळे वटारतेय. भिंगरीने ते ऐकून घेतलं. तिला भांडायचं होतं ते फक्त एकीशी, आणि ती एकटीच बुटांच्या कपाटाशी बसून केव्हाच्या बांधलेल्या लेस पुन्हा बांधत होती.

“का केलंस?” भिंगरीने विचारलं.

भिंत लेस बांधत राहिली. “त्या दिवशी मी तुझ्यापासून दहा पावलांवर होते. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. अजून ऐकू येतो.”

“मलाही येतो.”

“मग माझ्याकडून काय मागतेस तू? मीच तो आवाज काढू?”

भिंगरी तिच्या शेजारी बसली. “हे बघ. तुम्ही सगळ्यांनी मला जपलंत, छान केलंत. पण मैदानात समोरची काही तुम्हाला विचारून येणार नाही. पहिला खरा टॅकल मला तिच्याकडून बसला तर त्या वेळी माझं काय होईल, हे मला माहीत नाही. तुलाही नाही. मला तो आधी तुझ्याकडून हवाय. तू चेंडूवर येतेस. बाकीच्यांची मला खात्री नाही.”

भिंतीने लेसची गाठ एकदाची मारली. मग तिने मान हलवली, पण चेहऱ्यावर खुशी नव्हती.

त्या दिवशी सरावात भिंत खरी आली. जमिनीलगत, बाजूने, नियमात, आणि अशा जोराने की गवताची ढेकळं उडाली. भिंगरी चेंडू सोडून तिच्यावरून उडी मारून पलीकडे गेली. अंगाला धक्काही लागला नाही. तिने वळून कागदाकडे हात केला.

“सही नाही करणार,” भिंत उठत म्हणाली.

“तू आलीस ना खरी?”

“मी आले. तूच नव्हतीस तिथे.”

भिंगरीला राग आला, आणि तो राग भिंतीवर नाही हे तिला लगेच कळलं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदाही. चेंडूवर पाय रोवून राहायचं असं ती मनाशी घोकायची, आणि ऐन क्षणी पाय तिला न विचारताच उडायचा. शुक्रवारीही तसंच. आठ दिवस मुलींनी जे नाटक केलं होतं, त्यात सगळ्यांत बेमालूम काम आपलंच होतं, हे आता तिच्या ध्यानात आलं. त्या शिवत नव्हत्या म्हणून बरं होतं, नाहीतर ही भीती पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. संध्याकाळी अंघोळ करताना ती नळाच्या आवाजात मनसोक्त रडली, मग तोंड धुऊन उठाबशांना लागली.

शनिवारचा सामना तिने प्रेक्षकांत बसून पाहिला. आई तिच्याबरोबर आली, अकरा महिन्यांत पहिल्यांदा, आणि तपासायचे पेपर मांडीवर घेऊन बसली. संघ हरला. उजवी कडा मोकळी पडली होती, आणि मागच्या रांगेतला एक माणूस, भिंगरी समोरच बसली आहे हे न ओळखता, ती भिंगरी कुठे उलथलीय म्हणून शेवटपर्यंत विचारत होता. भिंगरी दात-ओठ खात बसून राहिली.

मैदान रिकामं व्हायला लागलं तेव्हा आई पेपर आवरत म्हणाली, “तू डोळे मिटतेस.”

“कधी?”

“कुणी पाय घातला की. मी तेरा वेळा मोजलं. इथे बसून, स्वतःच्या पायाला काही होणार नसताना.” आईने पेपरांना रबर लावलं. “माझ्या वर्गात काही मुली असतात, अवघड गणित दिसलं की वाचायच्या आधीच पेन खाली ठेवतात. त्यांना गणित येत नाही असं नसतं. त्या बघतच नाहीत. मी त्यांना सोडव म्हणत नाही, फक्त शेवटपर्यंत वाच म्हणते.”

आईला आपण काय बोलून गेलो ते कळलं असावं, कारण तिने घाईघाईने पर्स उचलली आणि बस चुकेल म्हणून पुढे चालायला लागली.

सोमवारी सकाळी गवत ओलं होतं. मॅडम कागद घेऊन कडेला उभ्या राहिल्या, आणि फुगलेल्या तोंडांच्या मुलीही काम थांबवून बघायला लागल्या. चेंडू भिंगरीकडे आला. भिंत डावीकडून निघाली. भिंगरीने या वेळी मनाशी काही घोकलं नाही. ती फक्त बघत राहिली. भिंतीचा खांदा वळताना बघितला, गुडघा खाली जाताना बघितला, बुटाचं टोक गवत कापत चेंडूच्या रेषेवर येताना बघितलं. तिने डोळे उघडेच ठेवले. एवढ्या वेळात पाय कुठे ठेवायचा ते तिला दिसलं, आणि तिने तो तिथे रोवला.

दोघींचे बूट एकाच वेळी चेंडूवर आदळले. आवाज मोठा झाला. भिंगरी उलटून पडली, खांद्यावर आपटली, दोन कोलांट्या खाऊन थांबली. मॅडम कागद टाकून निम्म्या वाटेत आल्या होत्या.

भिंगरी उताणी पडून पायाला विचारत होती. नडगी ठणकत होती. तो ठणका तिच्या चांगल्या ओळखीचा होता, मुक्या माराचा. तिने पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. मग उठून बसली.

भिंत मात्र उठली नव्हती. ती पडल्या जागी गवतात तोंड खुपसून, दोन्ही हातांनी कान गच्च दाबून पडली होती, आणि तिची पाठ हलत होती.

भिंगरी लंगडत तिच्यापाशी गेली, वाकली आणि तिचे हात कानांवरून काढले.

“ऊठ,” ती म्हणाली. “अजून नऊ राहिलेत.”