इसमाची खुर्ची

साल एकोणीसशे एकाहत्तर. मनोरुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी त्या वर्षी कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना दर बुधवारी दुपारी बोलवायला सुरुवात केली, आणि दोघांचं बोलणं टिपून घ्यायला ऑफिसातल्या टायपिस्टला बसवलं.

टायपिस्ट चाळिशी ओलांडलेली, एकटी. आई जाऊन चार वर्षं झाली होती. भाऊ-भावजय दुसऱ्या गावी; वर्षाकाठी दोन पत्रं, दोन्हींत 'तब्येतीला जप'. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की सोमवारी सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याला "आले हो" म्हणेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नसे. कधीकधी तेवढे दोन शब्दही घशात अडकायचे आणि खाकरून पुन्हा म्हणावे लागायचे. त्यामुळे बुधवार म्हणजे मेजवानी. दोन शहाणी माणसं दोन तास बोलणार, आपण नुसतं ऐकायचं, आणि कुणी "तू इथे कशाला?" म्हणून विचारणार नाही.

बोलण्याचा विषय होता गणिताच्या बाई. शाळेत अठरा वर्षं गणित शिकवलेल्या या बाईंनी एका सकाळी चहा ओतणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही कोण? आमचे हे कुठे गेले?" नवरा शिंपी होता. त्याला आधी थट्टा वाटली. पण बाई काही हसल्या नाहीत. नाक तेच, आवाज तोच, अंगठ्यावरचा सुईचा व्रणसुद्धा तोच, हे सगळं त्यांना कबूल होतं. "उत्तर बरोबर आहे, पण रीत चुकलीय," त्या म्हणायच्या. "कुणीतरी शेजाऱ्याची पाटी बघून उतरवलंय." मग त्या परक्याच्या हातचं जेवेनात, घरात झोपेनात. शेवटी इथे आणाव्या लागल्या.

"औषधांनी झोप परत आली, भूक परत आली," डॉक्टर पहिल्याच बुधवारी म्हणाले. "नवरा तेवढा परत आला नाही. माझं शास्त्र इथवर. पुढचं तुम्ही बघा."

प्राध्यापकांना वॉर्डातल्या मावशीनं 'का-मास्तर' नाव ठेवलं होतं. बाकी सगळा दवाखाना तेच म्हणायचा.

"तो तिचा नवरा आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?" मास्तरांनी विचारलं.

"लग्नाच्या दाखल्यावरून."

"दाखल्याला माणूस ओळखता येतो का?"

"मास्तर, तुम्हाला तुमच्या घरी ओळखतात ना?"

"चांगलंच ओळखतात. म्हणून तर दर बुधवारी इकडे पळून येतो."

अशी सुरुवात व्हायची आणि मग बोलणं कुठच्या कुठे जायचं. माणूस म्हणजे चेहरा की आठवण? आपलं माणूस आपण डोळ्यांनी ओळखतो की आणखी कशानं? डॉक्टर मेंदूबद्दल सांगायचे, मास्तर त्यात खोट काढायचे, डॉक्टर चिडायचे, मग दोघंही हसायचे. टायपिस्टची पेन्सिल धावत असायची. घरी गेल्यावर पोळी भाजताना तिला एखादं वाक्य पुन्हा ऐकू यायचं आणि खोली भरल्यासारखी वाटायची.

पद्धत ठरलेली होती. बाईंना दहा मिनिटं आत बोलवायचे, चार प्रश्न विचारायचे. मावशी त्यांना परत घेऊन जायची. मग दार लावून खरं बोलणं सुरू. नातेवाइकानं बाहेर बाकावर बसायचं. शिंपी दर बुधवारी दुकान बंद ठेवून तिथे बसायचा. त्याला बघितलं की बाई तोंड फिरवायच्या, तरी यायचा.

सातव्या बुधवारी दोघं गेल्यावर तो टायपिस्टच्या आडवा आला.

"बाई, आत माझं काय ठरलं?"

"मी फक्त लिहून घेते."

"मग वाचून दाखवा की."

कागद कुणाला दाखवायचे नाहीत, असा नियम होता. पण इतक्या वर्षांत टायपिस्टकडे कुणी काही मागितलं नव्हतं. तिनं त्याला रेकॉर्डच्या खोलीत नेलं, कपाटांच्या मध्ये स्टुलावर बसवलं आणि सातही बुधवार वाचून दाखवले. वाचता वाचता तिचा आवाज बसला. संपल्यावर शिंपी म्हणाला,

"फार हुशार आहेत हो दोघं. पण यात मी कुठे आहे?"

"हे काय, आहात ना. 'सदर इसम'. पानोपानी आहे."

"सदर इसम म्हणजे मी होय?" तो म्हणाला. "तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. बावीस वर्षं मी त्या मापानं शिवतोय. तिला स्वतःलाही ठाऊक नाही. मला विचारलं असतं तर असलं पुष्कळ सांगितलं असतं."

टायपिस्ट त्या रात्री झोपली नाही. तिला एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. या माणसाला आत घेतलं, तर काहीतरी ठरेल, आणि ठरलं की बोलणं संपेल. बाहेर ठेवलं, तर अजून वर्षभर बुधवार येत राहतील. बाकावर बसायला तर तो तयारच होता.

आठव्या बुधवारी तिनं टेबलापाशी एक जादा खुर्ची मांडली.

"ही कुणाची?" डॉक्टरांनी विचारलं.

"इसमाची, साहेब."

त्या खोलीत ती बोललेलं हे पहिलंच. डॉक्टरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "अरेच्चा! का नाही?"

शिंपी आत आला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. म्हणाला, "ती म्हणते मी तो नाही. बरं, नसेन. दोन महिने मी तिला पटवतोय की मीच तो. आता मी नवा माणूस म्हणून भेटून बघतो. परवानगी असेल तर."

"म्हणजे भ्रमाला खतपाणी?" डॉक्टर म्हणाले.

"आणि सरळ सरळ खोटं?" मास्तर म्हणाले.

दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. म्हणूनच की काय, दोघंही अस्वस्थ झाले. जरा वेळानं डॉक्टरच म्हणाले, "पण मास्तर, खोटं कशावरून? दोन महिन्यांपूर्वीचा माणूस हाच आहे का, हे तुम्हीच विचारत होतात ना?" त्यावर मास्तर म्हणाले, "ते राहू द्या हो. ती त्याच्यासमोर जेवेल का, तेवढं सांगा." टायपिस्टनं कुणाचं वाक्य कुणाच्या नावावर घातलं, ते दोनदा तपासून पाहिलं.

शिंपी बागेत बाईंच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

"नमस्कार. मी शिंपीकाम करतो."

"दिसतंय. बाहीला दोरा चिकटलाय." बाई जरा सरकल्या. "आमचे हेही शिंपीच. कुठे गेले आहेत कोण जाणे."

"कसे होते?"

"मनाचे फार चांगले. पण एक खोड होती. मी बोलायला लागले की मशीन चालवायचे."

शिंप्यानं मान खाली घातली. "वाईट खोड," म्हणाला.

पावणेतीन महिने तो रोज जाऊन स्वतःची स्तुती आणि गाऱ्हाणी ऐकत राहिला. त्यानं एकदाही मधे तोंड घातलं नाही. मावशी म्हणायची, "बावीस वर्षांत ऐकलं नसेल एवढं आता ऐकतोय मेला." बाई त्याच्या डब्यातलं खाऊ लागल्या. एक दिवस त्यांनी विचारलं, "अहो गृहस्थ, तुमच्याकडे राहायला खोली मिळेल का? आमचे हे येईपर्यंत."

"वरची रिकामीच आहे," तो म्हणाला.

सोडण्याचा कागद टायपिस्टनंच मशीनवर चढवला. नेणाऱ्याचं नातं लिहायचं होतं. शिंप्यानं सवयीनं 'पती' सांगितलं आणि तिनं ते टाइप केलं. बाईंनी ते वाचलं आणि पिशवी खाली ठेवली. "पुन्हा तेच? मग मी इथेच बरी." आणि आपल्या पायांनी वॉर्डात परत गेल्या.

नियमानं पेशंट नातेवाइकाच्याच हवाली करायचा. एकटं जाऊ द्यायचं, तर 'बरी' या रकान्यात खूण हवी. 'सुधारणा' चालत नव्हती.

"मी 'बरी' लिहिलं, तर कागदावर तुमचा काही हक्क राहणार नाही," डॉक्टर शिंप्याला म्हणाले. "उद्या उठून दुसरीकडे गेली, तर परत आणता येणार नाही. नवरा म्हणून कुठे सही नाही."

शिंप्यानं 'पती' या शब्दावर बोट ठेवलं. बराच वेळ ते तिथेच होतं. मग म्हणाला, "दुसरा कागद चढवा, बाई. भाडेकरूला कोण कशाला धरून ठेवेल?"

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि थांबले. "मास्तर, बरी म्हणजे काय हो?"

मास्तरांनी टेबलाकडे बघत उत्तर दिलं. "मला माहीत नाही. पण तुम्ही लिहा."

डॉक्टरांनी खूण करून खाली सही केली. टायपिस्टनं तारीख घातली. पुढच्या बुधवारी तिनं पेन्सिलींना टोक काढून ठेवलं, पण मास्तर आले नाहीत आणि डॉक्टरांनी बोलावलंही नाही. दोघांनाही त्या सहीनंतर एकमेकांसमोर बसायचा संकोच वाटत असावा.

मावशी चार वर्षांनी निवृत्त झाली आणि मुलीकडे राहायला गेली. डॉक्टरांची बदली झाली. नव्या ठिकाणी नातेवाइकांचा बाक त्यांनी आत घेतला, असं कानावर आलं. मास्तरांनी एक जाड पुस्तक लिहिलं. टायपिस्टनं ते ग्रंथालयात उभ्यानं चाळलं. त्यात बाई नव्हत्या, शिंपीही नव्हता. ती स्वतः त्याच ऑफिसातून अठ्ठ्याऐंशी साली निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात साहेबांनी तिचं आडनाव चुकीचं घेतलं, आणि तिनं ते दुरुस्त केलं नाही.

बाई शिंप्याच्या वरच्या खोलीत एकोणीस वर्षं राहिल्या. संध्याकाळी खाली येऊन बोलत बसायच्या, आणि तो मशीन बंद ठेवायचा. कुठे निघून गेल्या नाहीत. नवरा परत आला, असंही कधी म्हणाल्या नाहीत. शिंपी आधी गेला. टायपिस्ट भेटायला गेली, तेव्हा बाई जिन्यात बसल्या होत्या.

"फार भले गृहस्थ होते," बाई म्हणाल्या. "आमचे हे आले असते, तर दोघांची ओळख करून देणार होते मी."