ब्रायडीच्या वर्षाचा स्ट्यू

डिंपनाच्या स्वयंपाकघराची तेव्हा पार रया गेलेली होती. जुनी शेगडी उचलून नेली होती, ओटा उखडला होता, आणि नवा ओटा बसवून देणारा माणूस महिनाभर "येत्या मंगळवारी नक्की" म्हणत होता. कोणत्या मंगळवारी, ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही. घरात चालू अवस्थेत उरली होती ती किटली आणि पोटमाळ्यावरून काढलेला, मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारा विजेचा स्लो कुकर. आणि नेमकी अशा वेळी सासूच्या, ब्रायडीच्या, वर्षश्राद्धाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, येऊन ठेपली.

मिस्सा झाली की माणसं घरी जेवायला येणार हे ठरलेलंच. गावातल्या हॉटेलात जेवण ठेवू, असं डिंपनाने नवऱ्याला सुचवून पाहिलं. डेक्लन म्हणाला, डॅडींना विचार. सासऱ्यांना विचारलं तर फिंटन काहीच बोलले नाहीत, म्हणजे नको. मग डब्लिनहून नणंदेचा, फिडेल्माचा, फोन आला. मॅमीच्या वर्षाचं जेवण हॉटेलात म्हटल्यावर गाव काय म्हणेल, असं तिचं म्हणणं. गावाची काळजी फिडेल्माला डब्लिनमध्ये बसून फार असे.

तेव्हा स्ट्यूच करायचा, असं डिंपनाने ठरवलं.

ब्रायडी गेल्यापासून फिंटन त्यांच्याकडे राहत होते. त्यांचं स्वतःचं घर अंगणापलीकडेच होतं, पण त्याला कुलूप होतं, आणि किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशात. वर्षभरात त्यांनी तिथे कुणाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. तसा माणूस शांत, जेवायचा त्रास नाही, पण घरभर फिरून बटणं बंद करायची त्यांना सवय लागली होती. अंघोळीच्या पाण्याची टाकी बंद, रेडिओ बंद, चार्जिंगला लावलेला फोन बंद. एकदा तर त्यांनी फ्रीझरच बंद केला आणि त्यातलं अख्खं कोकरू टाकून द्यावं लागलं. डिंपना दरवेळी गिळून गप्प बसली. म्हातारा माणूस, बायको गेलेली, त्याला काय बोलायचं.

त्या दिवशी ती उजाडायच्या आत उठली. मांस आधी तव्यावर लाल परतून घ्यायला हवं होतं, पण शेगडीच नाही तर परतणार कशावर? तिने तसंच ते पिठात घोळलं. तळाशी बटाटे आणि गाजरं, वर कांदे, मग मांस, थाइमच्या काड्या, मूठभर जव, आणि वरून रस्सा आणि काळी बिअर. झाकण ठेवून बटण दाबलं आणि पहिला चहा हातात घेतला, तोवर फिंटननी झाकण उचललं होतं.

तिने समजावलं की झाकण उघडलं की आतली ऊब जाते आणि सगळं मागे पडतं. त्यांनी मान हलवली. ती कपडे करून आली तेव्हा ते पुन्हा झाकण हातात धरून आत डोकावत होते.

"ना वाफ, ना आवाज," ते म्हणाले. "हे शिजतंय कशावरून?"

"विश्वास ठेवा, फिंटन."

"विश्वास मी चर्चसाठी ठेवलाय."

तिने झाकण त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि सगळ्यांना गाडीत बसायला लावलं. गाडी सुरू झाल्यावर फिंटन टोपी विसरली म्हणून आत गेले आणि टोपी घालून आले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मिस्सा झाली, कबरीवर फुलं झाली, आणि दहा-बारा माणसं पाठोपाठ घरी आली. त्यांत फादर होते, ब्रायडीच्या दोन चुलतबहिणी होत्या, आणि हातात आयता केक घेतलेली फिडेल्मा. उखडलेल्या स्वयंपाकघरात जो तो फळ्यांना अडखळत उभा राहिला. डिंपनाने झाकण उचललं. वाफ नाही. काटा टोचून पाहिला, तर बटाटा दगड. मांस कोमट पाण्यात पडलेल्या चपलेच्या तळव्यासारखं. तिने भिंतीकडे पाहिलं. बटण बंद होतं.

फिडेल्माने मागून डोकावत विचारलं की तू नीट लावलं होतंस ना गं, या यंत्रांचं काही खरं नसतं. त्या प्रश्नाने डिंपनाचा वर्षभराचा बांध फुटला. पण ती फिडेल्माकडे वळली नाही.

"फिंटन, बटण तुम्ही बंद केलंत."

"घर सोडताना बंद करायचंच असतं," ते म्हणाले. "आग लागते."

"वर्षभर माझ्यामागे बटणं बंद करत फिरताय. गार पाण्याने अंघोळी केल्या, बोलले नाही. कोकरू फेकलं, बोलले नाही. आज तर तुमच्याच बायकोचं जेवण होतं." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. "तुमची बायको, यांची आई. माझी ती कुणीच नव्हती का? पंचवीस वर्षं रोज सकाळी आम्ही दोघी एकत्र चहा प्यायलो. ती गेल्यावर तुला कसं वाटतंय, हे मला एकानेही विचारलं नाही. विचारलंत ते एवढंच, की जेवणाचं काय."

फादर आपल्या कपाकडे बघत राहिले. डेक्लन हळूच म्हणाला की मी गावातून गरम चिप्स आणतो, पण तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो जागचा हलला नाही. फिंटननी टोपी घातली आणि ते बाहेर निघून गेले. झालं तुझं समाधान, असं फिडेल्मा पुटपुटली.

मग खिडकीपाशी उभ्या असलेल्या चुलतबहिणीने सांगितलं की पलीकडच्या घरातून धूर येतोय.

फिंटननी कुलूप काढून तिथली चूल पेटवली होती. धूर धुराड्यातून कमी आणि दारातून जास्त येत होता, कारण धुराड्यात वर्षभरात कावळ्यांनी घरटं केलं होतं. डेक्लन धावत जाऊन बांबूने ते पाडून आला. फिंटन काजळीने माखलेले परत आले आणि कुकरमधलं मातीचं भांडं उचलायला वाकले.

"ते चुलीवर ठेवलंत तर तडकेल," डिंपना म्हणाली.

"मग मोठं पातेलं लागेल. तिचं. ते कुठे असतं, मला माहीत नाही."

डिंपनाला माहीत होतं; दफनाच्या दिवशी, घराला कुलूप लागायच्या आधी, पालथी घातलेली भांडी तिनेच जागेवर लावली होती. ती भांडं उचलून त्यांच्यामागून त्या घरात शिरली आणि जिन्याखालच्या कपाटातून लोखंडी पातेलं काढलं. त्याचा तळ आतून घासघासून खरवडलेला होता. तिने विचारायच्या आधीच फिंटन बोलले. ब्रायडीला अॅम्ब्युलन्समधून नेलं त्या दिवशी तेच पातेलं चुलीवर राहून गेलं होतं. रात्री ते एकटे परतले तेव्हा घर धुराने कोंदलेलं, आणि आतलं सगळं कोळसा. बायको गेल्याच्या रात्री ते पातेलं घासत बसले होते. हे त्यांनी मुलांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

"तेव्हापासून बाहेर पडताना हात आपोआप बटणाकडे जातो," ते म्हणाले.

डिंपनाचा राग अजून होताच, नाही असं नाही. तिने स्ट्यू पातेल्यात ओतला, त्यांच्या हातात लाकडी डाव दिला आणि सांगितलं, आता हवं तितक्यांदा झाकण उघडा, पण ढवळत राहा, तळाला लागता कामा नये.

तरी तो लागलाच. त्याच घरात सगळे जेवायला बसेपर्यंत चार वाजले. तोवर फादर दुसऱ्या मिस्सेला निघून गेले होते आणि चुलतबहिणींनी केक संपवला होता. गाजरांचा लगदा झाला होता, मांस मात्र चमच्याने तुटत होतं. फिडेल्माने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाली, मॅमी स्ट्यूत गाजर घालायची नाही.

"घालायची," फिंटन म्हणाले. "तू वेचून कुत्र्याला द्यायचीस."

जेवणं झाल्यावर भांडी कोण घासणार हा प्रश्न नेहमीप्रमाणे हवेत लोंबकळला. डिंपनाने बूट काढले, पाय चुलीच्या कठड्यावर ठेवले आणि डेक्लनला नि फिडेल्माला सांगितलं की मी आज उठणार नाही. दोघं एकमेकांकडे बघत उठली. मागच्या खोलीतून नळाचा आणि कुजबुजीचा आवाज येऊ लागला.

फिंटननी टर्फचे, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या सरपणाचे, दोन तुकडे चुलीत सारले आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढली. बराच वेळ ते हातावरची काजळी चोळत राहिले.

"सकाळी चहाला काय बोलायचात गं तुम्ही दोघी?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक तुमच्याबद्दलच," डिंपना म्हणाली, आणि सांगू लागली.