अडतीस मिनिटांचे एकोणीस सेकंद

दुकानदाराला सगळे कात्री म्हणत. फोटो, सही, दाखला, ऑनलाइन फॉर्ममध्ये जे मावत नसेल ते तो दाबून-कापून मावेल असं करून द्यायचा. "हत्ती आणा, काडेपेटीत बसवतो," असं वर बोलायचा.

ताईने नखाएवढं मेमरी कार्ड काउंटरवर ठेवलं. "एकच रेकॉर्डिंग आहे, अडतीस मिनिटांचं. आईच्या बटणांच्या फोनवर वाजेल असं करून द्या. मोठी फाइल तो घेत नाही."

"गाणं?"

"बाबा आहेत."

ऑपरेशनमध्ये बाबांचा गळा कापावा लागला होता. शब्द गेले, उरला गळ्याच्या भोकातून येणारा श्वास. जाताना बारीक शीळ, येताना ओली खरखर. आईचे गुडघे गेलेले, तिला हॉस्पिटलचे जिने चढवेनात. शेवटच्या दुपारी ताईने फोन उशीवर ठेवला, बाबांचा हात हातात घेतला आणि तोंड मिटून बसली. ज्या श्वासाशेजारी आईचा जन्म गेला, तो ताईला जसाच्या तसा तिच्यापर्यंत न्यायचा होता. त्यात आपला शब्दही मिसळायला नको होता.

कात्री आवाज कधी ऐकत नसे, पडद्यावर बघत असे. लांबच लांब सपाट रेघ, मध्ये एक उंचवटा. मास्तरांची भाषणं लहान करताना तो गप्प जागा गाळायचा. इथेही गाळल्या.

"घ्या. एकोणीस सेकंद. पिसासारखी हलकी!"

"एकोणीस?"

"बाकी काही नव्हतंच की. माइकवर बोट ठेवलं होतंत का?" तो हसला.

"जुनी फाइल कुठंय?"

"पुसली. आणि रिकामं कार्ड द्यायला मी काय कंजूष आहे? दोनशे गाणी, शंभर विनोद. काठोकाठ. फुकट!"

"पण ती परत निघेल ना?"

"तिच्या जागेवर विनोद बसलेत, ताई. आता कुठली निघतेय!"

घरी आई फोन मांडीवर घेऊन वाट बघत होती. ताई काही सांगेपर्यंत तिने कार्ड घालून बटण दाबलंसुद्धा.

फोनमधून वॉर्डमधली बाई बोलली, "हा म्हातारा अजून आहे? खाली तिघं बेडसाठी ताटकळलेत!" कुणीतरी खिदळलं. भांडं आपटलं. संपलं.

आईने तीनदा लावलं.

"तू होतीस ना गं तिथं?"

"होते."

"मग तुझा आवाज कुठाय यात?"

ताईने श्वासाचं सांगितलं, सपाट रेघेचं सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

"ते राहू दे. त्या बाईला काय बोललीस?"

"काही नाही. रेकॉर्डिंग खराब झालं असतं, आई."

आईने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी मावशी भेटायला आली. बस म्हणायच्या आधी आईने फोन तिच्या कानाशी धरला. "ऐक. बापाला कुणी हे ऐकवलं, आणि आमची लेक शेजारी बसून होती."

मावशीने ऐकलं, ताईकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आईला म्हणाली, "परत लाव गं."